कलेची परीक्षा कोण घेणार?

पोरगा भिंतीवर कोळशाने चित्र काढतो, तेव्हा आपण त्याच्यावर ओरडतो. पण त्या हाताचीही परीक्षा असते, हे आपल्यापैकी किती आईबापांना ठाऊक आहे?

राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे पेपर असतात. अ, ब, क श्रेणी मिळते. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत 7 वाढीव गुण, ब ला 5, क ला 3. अकरावी, आयटीआयचा प्रवेश एकेका गुणावर अडतो. रंगपेटीचा खर्च मजुराच्या घराला जड जातो खरा, तरी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना एकदा विचाराच.

कागदावरचे असे मोजता येते. गाण्याचे काय? वामनदादा कर्डकांना (1922-2004) अक्षरओळखच मोठेपणी झाली. त्यांची गाणी मात्र गावोगाव तोंडपाठ आहेत. अकोल्यातल्या भीमजयंतीच्या गायनात ढोलकीचा ठेका जरा चुकला, की पुढे बसलेल्या म्हातारीच्या कपाळावर लगेच आठी पडते. तिने कोणती परीक्षा दिली होती?