रुरकीच्या वर्गात भेटणाऱ्या नद्या

रुरकीला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हरिद्वारला उतरायला सांगतो. तिथून गंगेच्या कालव्याकाठाने रुरकी गाठायची. जेमतेम तीस किलोमीटरांच्या या टप्प्यात कालव्याला चार प्रवाह आडवे येतात आणि प्रत्येकाला वाट देण्याची रीत निराळी. राणीपूर आणि पथरी इथे पावसाळी ओढे कालव्याच्या डोक्यावरून जातात, धनौरीला रतमऊ नदी त्याच पातळीवरून कालवा ओलांडते आणि रुरकीजवळ खुद्द कालवाच 15 कमानींवरून सोलानी नदी पार करतो. अभियंता प्रोबी कॉटलीने बांधलेल्या या कालव्यात 1854 साली पाणी सुटलं. त्यासाठीची माती वाहायला 1851 मध्येच इथे वाफेचं इंजिन धावलं होतं. बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतरची! सोलानीवरच्या या कमानींच्या पुलाच्या टोकांना बसवलेल्या सिंहांपाशी मी किती रेंगाळलो आहे!

इथलं अभियांत्रिकी महाविद्यालय 1847 चं. 1949 मध्ये त्याचं विद्यापीठ झालं, 2001 मध्ये आयआयटी. एप्रिल 1955 मध्ये बांडुंगला 29 आशियाई-आफ्रिकी देश जमले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, कुलगुरू अयोध्यानाथ खोसला यांच्या काळात, या देशांतल्या नोकरीतल्या अभियंत्यांसाठी जलसंपदा विकासाचं पदव्युत्तर केंद्र रुरकीत उभं राहिलं. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना ‘खोसला सिद्धांत’ पाठ असतो, तेच हे खोसला.

या केंद्राचं मला अप्रूप वाटतं ते विद्यार्थ्यांमुळे. कामाचा अनुभव गाठीशी असलेले अभियंते इथे पुन्हा बाकावर बसतात. सुदानच्या अभियंत्यामागे निळ्या नाईलवरची गेझिरा योजना असते, आपल्यासारख्याच काळ्या, भेगाळणाऱ्या मातीची. नेपाळच्या अभियंत्याने डोंगरउतारावर गावकऱ्यांनी राखलेले कुलो, म्हणजे पाट, पाहिलेले असतात. आणि इंडोनेशियाकडे आहे बालीचा सुबक.

सुबकबद्दल किती सांगू! भातशेतकऱ्यांच्या या पाणीसंघटना जलमंदिरांच्या साक्षीने लावणीच्या तारखा ठरवतात. शेजारची खाचरं एकाच वेळी पिकतात, एकाच वेळी रिकामी राहतात. किडींना खायलाच उरत नाही. 1970 च्या दशकात जास्त उत्पादनासाठी ‘जमेल तितक्या वेळा पिकं घ्या’ असं धोरण आलं, वेळापत्रक विस्कटलं, पाण्याची ओढाताण झाली आणि कीड माजली. म्हणजे पूजेचं वेळापत्रक हेच सिंचनाचं वेळापत्रक होतं. 2012 मध्ये या भूप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं.

परदेशी विद्यार्थी जिथे जिथे असतात तिथे खाद्यमहोत्सव होतात, पारंपरिक पोशाखांत छायाचित्रं निघतात. ते जरूर व्हावं. पण अभियंत्यांची खरी ओळख एकमेकांच्या पाण्याचा अभ्यास करताना होते, असं माझं ठाम मत आहे. आफ्रिकेतल्या अभियंत्याने बालीच्या लावणीचा आराखडा मांडून पाहिला, तर ‘श्रद्धा’ म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीतलं गणित त्याला दिसेल आणि आपल्या गावच्या जुन्या रिवाजांकडेही तो नव्याने पाहील.

धुळे-नाशिककडची फड पद्धतही या अभ्यासात हवी. पांझरा, मोसम या नद्यांवरचे बंधारे, त्यांखालच्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, पाडलेले फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी वाटायला आणि राखण करायला गावानेच नेमलेले पाटकरी आणि जागले. बालीच्या अभियंत्याला हे दाखवलं तर दुभाष्याची गरज फारशी लागणार नाही. पांझराकाठच्या एखाद्या पाटकऱ्यालाही बालीला न्यावं, असं मला फार वाटतं.