मुलाखत एक, पायऱ्या सहा!

मैत्रिणींनो, 'मुलाखत' म्हटलं की तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे काय येतं? टपालाने आलेलं बोलावणं, इस्त्री केलेली साडी, हातात प्रमाणपत्रांची फाइल, टेबलापलीकडे तीन गंभीर चेहरे आणि अर्ध्या तासाने 'कळवू तुम्हाला!' संपलं. निकाल काय तो आठ-पंधरा दिवसांत लागायचा. पण आज नाशिकमध्ये ज्यांच्या घरी इंजिनिअर होऊ घातलेली लेक किंवा सून आहे, त्या घरांत मुलाखत ही एका दिवसाची गोष्ट उरलेली नाही. ती सुरू होते ऑगस्टात आणि पुढचा ऑगस्ट आला तरी संपत नाही! लेक म्हणते, "आई, दुसरा राउंड झाला, अजून दोन आहेत." आजी विचारतात, "अगं, म्हणजे लागली की नाही नोकरी?" आणि आई बिचारी दोघींच्या मध्ये उभी.

म्हणूनच हे सगळं प्रकरण आहे तरी काय, ते आज जरा नीट समजून घेऊ या. एकदा समजलं की निम्मी काळजी कमी होते, आणि घरातल्या माणसांनी कुठे मदत करायची, कुठे गप्प बसायचं, तेही कळतं.

पहिल्या दोन चाळण्या

आपल्याकडे के. के. वाघ, 'मविप्र'चं ठाकरे महाविद्यालय, संदीप फाउंडेशन, भुजबळ नॉलेज सिटी अशी बरीच अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तिथे कंपन्यांची निवड-प्रक्रिया सुरू होते. पहिली पायरी म्हणजे अर्ज. अनेक कंपन्यांची अट असते, की दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या सगळीकडे निदान ६० टक्के गुण हवेत. म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेचा हिशेब बाविसाव्या वर्षीही द्यावा लागतो, बरं का! धाकटी भावंडं शाळेत असतील तर हे त्यांच्याही कानावर घालून ठेवा.

दुसरी पायरी म्हणजे संगणकावरची परीक्षा. टीसीएसने २०१८ साली देशभरासाठी एक पात्रता चाचणी सुरू केली, तसे प्रकार आता बहुतेक मोठ्या कंपन्यांत आहेत. त्यात गणिती कोडी असतात, इंग्रजीचे उतारे असतात आणि शेवटी प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहायला देतात. गंमत म्हणजे एकाच परीक्षेतून वेगवेगळ्या दर्जाच्या जागा भरतात. टीसीएसमध्ये त्यांना निंजा, डिजिटल, प्राइम अशी नावं आहेत आणि पगारात दुपटीचाही फरक पडतो. तेव्हा "पास झालीस ना, मग झालं!" असं म्हणून चालत नाही. किती गुणांनी पास झाली, यावर पुढचं ठरतं.

ही परीक्षा घरून द्यायची असेल तर मात्र घराने शिस्त पाळायला हवी. संगणकाचा कॅमेरा सतत मुलीकडे पाहत असतो. खोलीत दुसरं कुणी दिसलं, मुलगी वारंवार बाजूला पाहू लागली, की नोंद होते आणि परीक्षा रद्दही होऊ शकते. त्यामुळे मायेने चहा घेऊन आत जाऊ नका! दाराला आतून कडी, मिक्सर बंद, कुकर आधीच उतरवलेला. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याची सूचना आहे का, ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. मोबाइल पूर्ण चार्ज करून त्यावरून इंटरनेट घेण्याची सोयही करून ठेवावी. शेजारणीला हळूच सांगून ठेवलंत, की दोन तास बेल वाजवू नका, तर तीही समजून घेईल.

समोरासमोर

तिसरी पायरी तांत्रिक मुलाखतीची. इथे पाठांतर फारसं कामाला येत नाही. "तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस?" हा प्रश्न हमखास येतो आणि चौघींनी मिळून केलेल्या प्रोजेक्टात तिघींच्या जिवावर पास झालेली मुलगी तिथे अडकते. एखादा छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगतात आणि लिहिता लिहिता तो समजावायलाही सांगतात. याची तालीम घरात छान होते. मुलीला सांगा, "मला समजेल असं सांग." तुम्हाला संगणकातलं ओ की ठो कळत नसलं तरी हरकत नाही. ज्या मुलीला आपलं काम आईला सोप्या मराठीत सांगता येतं, तिला ते स्वतःला नीट कळलेलं असतं. मग तेच इंग्रजीत सांगण्याचा सराव करायचा.

चौथी पायरी सगळ्या कंपन्यांत नसते. तिथे एखादा व्यवस्थापक प्रसंग घालून विचारतो. काम वेळेत झालं नाही तर काय कराल, सहकाऱ्याशी पटलं नाही तर काय कराल, वगैरे. पाचवी पायरी एचआरची, म्हणजे मनुष्यबळ विभागाची. पुण्यात हिंजवडीला, बंगळूरला, हैदराबादला जाल का? रात्रपाळी कराल का? करारपत्रावर सही कराल का? ही उत्तरं मुलीने तिथे बसून द्यायची नसतात, ती आधी घरात ठरलेली असावी लागतात. आणि 'घरात ठरलेली' म्हणजे बाबांनी ठरवलेली नव्हेत! मुलीला समोर बसवून, तिचं ऐकून ठरलेली.

रात्रपाळीच्या नावाने आपल्या पोटात गोळा येतो, हे खरं. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती घेण्याची आणि सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था करण्याची अट घातलेली आहे. तेव्हा येण्याजाण्याची गाडी कशी असेल, असं विचारण्यात संकोच नको.

आणि तो नकोसा प्रश्न? "लग्नाचं काय ठरलंय?" मैत्रिणींनो, एक जुनी हकिकत आठवते. १९७४ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने टेल्कोची जाहिरात पाहिली. त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये, असं स्पष्ट छापलेलं होतं! तिने रागारागाने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. थोड्याच दिवसांत तिला पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ती निवडलीही गेली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. आता तशी जाहिरात कुणी देऊ शकत नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि नोकरभरतीत स्त्री म्हणून डावलायला तीत मनाई आहे. म्हणून लेकीला सांगून ठेवा, की हा प्रश्न आलाच तर शांतपणे म्हणायचं, "त्याचा माझ्या कामावर परिणाम होणार नाही. कामाबद्दल विचारलंत तर आनंदाने सांगेन."

सर्वांत अवघड पायरी

पाच पायऱ्या चढल्या, ऑफर लेटर आलं, पेढे वाटले. आणि मग? मग रुजू होण्याची तारीखच येत नाही! ही सहावी पायरी कुणी आधी सांगत नाही. २०२२ साली इन्फोसिसने निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलामुलींना दोन वर्षं झाली तरी कामावर घेतलेलं नाही, अशी तक्रार पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. दिलेला शब्द पाळू, असं कंपनीने तेव्हा जाहीर केलं आणि पुढे पत्रंही निघाली. पण मधली दोन वर्षं त्या मुलांनी कशी काढली असतील? २०२३ च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नवोदितांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं होतं. मोठं नाव असलं म्हणजे सगळं निर्धास्त, असं नाही.

खरी कसोटी इथे लागते, आणि ती मुलीइतकीच घराचीही. मुलगा असेल तर नातेवाईक म्हणतात, "येईल हो पत्र, धीर धरा." मुलगी असेल तर मात्र "तोवर स्थळं बघायला काय हरकत आहे?" असा सूर लागतो! कृपा करून या सुरात तुमचा सूर मिसळू नका. चार वर्षांची फी, तिची जागरणं, सगळं या रिकाम्या महिन्यांत वाहून जाऊ शकतं. एका पत्रावर विसंबून दुसऱ्या मुलाखती मात्र सोडायच्या नाहीत. सातपूर-अंबडला, आपल्या नाशकातच, एखादं लहानसं काम किंवा इंटर्नशिप मिळाली तर ती करावी. हात चालू राहतो आणि मनही.

पगाराचा आकडाही नीट समजून घ्या. वर्षाला ३ लाख ३६ हजार म्हणजे महिन्याला २८ हजार, असा सरळ भागाकार करू नका. त्या आकड्यात बहुधा कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. शिवाय मुलीच्या वाट्याचा निधी कापला जातो. हातात किती येतील ते विचारा आणि मग खोलीभाडं, डबा, प्रवास यांचा हिशेब मांडा.

आणि हो, नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, 'लॅपटॉपची अनामत' म्हणा, 'प्रशिक्षण शुल्क' म्हणा, तर तिथेच थांबा. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्या निवडीसाठी पैसे घेत नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात. फसवणूक झालीच तर लाज बाळगून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

कागदांची पिशवी

हे काम मात्र आईने किंवा सासूबाईंनी आपल्याकडे घ्यावं. सगळ्या गुणपत्रिका, आधार, पॅन, पासपोर्ट, फोटो, सगळं एका पिशवीत आणि प्रत्येकाची एक प्रत संगणकात. नावं ताडून पाहा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी, आणि कुठे वडिलांचं नाव गळलेलं असतं. कागदपत्रांच्या पडताळणीत याच किरकोळ गोष्टी महिना खातात. लग्नानंतर नाव बदललेल्या सुनेच्या बाबतीत विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नोंद तयार ठेवा.

सुनेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मूल झाल्यावर चार-पाच वर्षं घरी राहिलेल्या बायकांनाही ही दारं बंद नाहीत. टाटा समूहाने २००८ साली अशाच स्त्रियांसाठी दुसऱ्या कारकिर्दीची इंटर्नशिप योजना काढली होती आणि पुढे इतरही कंपन्यांनी असे उपक्रम सुरू केले. मुलाखतीत 'मध्यंतरी काय केलंत?' असं विचारलं तर मान खाली घालू नका. घर सांभाळलं आणि गेल्या सहा महिन्यांत हे नवं शिकले, असं सरळ सांगा. अर्थात, सहा महिने खरंच शिकलेलं असलं पाहिजे!

शेवटचं एक. प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच संध्याकाळी एका वहीत विचारलेले प्रश्न लिहून ठेवायला सांगा. नकार आला तर तो दिवस तिला रडू द्या, आवडीचं काहीतरी करून घाला आणि उपदेश करू नका. दुसऱ्या दिवशी वही उघडायची आणि न आलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. पाचव्या-सहाव्या मुलाखतीपर्यंत ती वही अशी भरते, की पुढच्या वर्षी शेजारची मुलगी ती मागायला येते. तिला ती जरूर द्या.