बसलं म्हणजे जमलं असं नाही

वळण घेताना पुढच्या चाकातून टकटक आवाज यायला लागला की मिस्त्री गाडीखाली न शिरताच सांगतात, ‘एक्सल गेला.’ एक्सल म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, गिअरबॉक्समधून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा. गोंदिया जिल्ह्यात कोहमाऱ्याजवळच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी अशाच एका जुन्या अल्टोचा शाफ्ट काढून दाखवला. टोकाच्या जॉइंटवरच्या रबरी बुटाला चीर गेली होती. रोवणीच्या दिवसांत बांध्यांमधल्या रस्त्याचा चिखल तिथून आत शिरला, ग्रीस बाहेर फेकलं गेलं आणि आतल्या सहा पोलादी गोळ्या वाळूत घासत फिरत राहिल्या. कापडाने पुसल्यावर त्यांच्या खोबणीत नखाला लागतील असे खड्डे दिसले.

अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालायच्या. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांनीच गाडी ओढायची आणि त्यांनीच वळवायचीही, ही रचना आपल्या मिस्त्रींच्या रोजच्या कामात आली. ब्रिटनमध्ये १९५९च्या मिनीने ती लोकप्रिय केली होती. २०००मध्ये आलेली अल्टो याच घराण्यातली. इंजिन ७९६ सीसीचं, चाकं १२ इंची. २०१०मध्ये अल्टो के१० आली, तिचं इंजिन ९९८ सीसीचं आणि चाकं १३ इंची. नाव एकच, रूपही जवळपास तेच. म्हणूनच एकीचा सुटा भाग दुसरीला लावायचा मोह होतो.

या अल्टोचे मालक शिक्षक. अपघातात मोडीत निघालेल्या के१०चे दोन्ही शाफ्ट, पुढच्या डिस्क आणि कॅलिपर त्यांनी नागपूरहून स्वस्तात आणले होते. शाफ्ट बदलायचाच आहे, तर मोठे ब्रेकही लावून घेऊ, असा त्यांचा विचार.

मिस्त्रींनी आधी जुना आणि आणलेला शाफ्ट फळीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही टोकांचे दात खडूची खूण करून मोजले. मग ऑइल सील जिथे बसतं त्या जागेचा व्यास व्हर्निअरने घेतला आणि शेवटी लांबी पाहिली. लांबीत फरक निघाला. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की जास्त लांब शाफ्ट आतल्या बाजूला ठोकर देतो आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. आखूड असला तर चाक खाली लोंबकळताना आतला जॉइंट निसटू शकतो. ‘बसते जी, सर, पण जमत नाही,’ म्हणत मिस्त्रींनी तो शाफ्ट बाजूला ठेवला. मग दुसऱ्या एका जुन्या अल्टोचा, मापाला मापं जुळणारा शाफ्ट निवडला. त्याला नवा बूट, नवं ग्रीस, गिअरबॉक्सला नवं ऑइल सील, आणि शाफ्ट काढताना सांडलेलं गिअर ऑइल पुन्हा पातळीपर्यंत.

ब्रेकच्या बाबतीत मात्र त्यांनी मोजमापाच्या आधीच मान हलवली. मोठी डिस्क आणि तिचा कॅलिपर १२ इंची रिमच्या आत घासण्याची भीती असते. समजा रिमही बदलली, तरी प्रश्न मिटत नाही. कॅलिपरचा पिस्टन मोठा असेल तर त्याला ढकलायला जास्त तेल लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला की पेडल खोल जातं. पुढचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरात धरले आणि मागचे ड्रम तसेच राहिले, तर कारखान्यात आखलेली पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी बिघडते. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी लॉक होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एकाच बाजूला वेगळा भाग लावला तर ब्रेक दाबताच गाडी त्या बाजूला खेचते. कोहमाऱ्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३वर मागे-पुढे ट्रक असताना तेवढी खेच जीव घ्यायला पुरे.

शेवटी जुन्या अल्टोच्याच मापाच्या नव्या डिस्क आणि नवे पॅड दोन्ही बाजूंना बसले. मग ब्रेकमधली एअर काढायचं काम. गॅरेजातला मुलगा आत बसून पेडल दाबून धरतो, मिस्त्री कॅलिपरवरची निपल किंचित ढिली करतात, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीतल्या तेलात उतरतात. निपल बंद झाल्याशिवाय मुलाने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबले, पेडल वरच आणि कडक लागायला लागलं, तेव्हाच चाक चढलं.

एमएच ३५ या गोंदियाच्या पाटीच्या अशा कितीतरी गाड्यांची पंधरा वर्षं उलटली आहेत, म्हणजे त्यांची फेरनोंदणी करावी लागते. एप्रिल २०२२मध्ये कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. त्यामुळे सुट्या भागांत पैसे वाचवावेसे वाटणं साहजिक आहे, आणि जुनी गाडी नीट राखून वापरणं चांगलंच. फक्त वाचवायचे कुठे, हे ठरवा. मापं जुळणारा जुना शाफ्ट चालेल. जुने पॅड, जुने शू, जुने ब्रेक होज कधीही घेऊ नका. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहे, हेही लक्षात असू द्या. आणि दर पावसाळ्यानंतर गाडी एकदा उचलून चारही बूट पाहून घ्या. चीर वेळेत सापडली तर नुसत्या बुटावर भागतं, नाहीतर अख्खा एक्सल बदलावा लागतो.