जमीन त्यांची, कायदाही त्यांचाच?

१५ डिसेंबर २०२४ रोजी आमच्या नागपूरच्या राजभवनात महायुतीच्या मंत्र्यांचा शपथविधी झाला. त्यात मुंबईच्या मलबार हिलचे आमदार मंगलप्रभात लोढा होते. त्यांची वाटचाल आंबेडकरी समाजाने नीट समजून घेतली पाहिजे.

वडील गुमानमल लोढा न्यायमूर्ती, पुढे भाजपचे खासदार. मंगलप्रभात जोधपूरहून मुंबईत आले, बांधकाम व्यवसायात उतरले आणि १९९५ पासून सलग सात वेळा निवडून आले. २०१९ मध्ये मुंबई भाजपचे अध्यक्ष, २०२२ मध्ये मंत्री. घराण्याची कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. ती मुलगा अभिषेक सांभाळतो. ते एकटे नाहीत. त्यांच्याच पक्षाचे घाटकोपर पूर्वचे आमदार, बांधकाम व्यावसायिक पराग शाह यांनी २०२४ च्या प्रतिज्ञापत्रात सुमारे ३,३८३ कोटींची मालमत्ता दाखवली.

यात बेकायदेशीर काय? काहीच नाही, आणि आमचे दुखणे नेमके हेच आहे! लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९-अ सरकारी कंत्राट घेणाऱ्याला अपात्र ठरवते. पण बांधकामाची परवानगी किंवा वाढीव चटईक्षेत्र मिळवणे म्हणजे कंत्राट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराची संपत्ती मतदाराला कळते. ती कळल्यावर पुढे काय, यावर कायदा गप्प आहे.

नियमातल्या एका ओळीची किंमत काय असते, हे गिरण्यांच्या जमिनींनी दाखवून दिले. १९९१ च्या नियमानुसार विकासासाठी निघालेल्या गिरणीच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागेसाठी आणि म्हाडाच्या घरांसाठी जायचा. २००१ साली दुरुस्ती झाली आणि हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. लोढा तेव्हा विरोधी बाकावर होते. ती दुरुस्ती त्यांनी केली, असा आरोप आम्ही करत नाही. पण लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर आज लोढा समूहाचेच टॉवर उभे आहेत. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी त्याला वाचा फोडली. नागपुरातही १८७७ च्या एम्प्रेस मिलमध्ये आमच्या आज्या-आजोबांनी घाम गाळला. तिथे आज मॉल आहे. कामगारांच्या वस्त्या मात्र अजून पट्ट्यांसाठी अर्ज करत फिरतात.

बाबासाहेबही आमदार होते. १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, पण त्यांनी आमदारकी वापरली ती कसणाऱ्यासाठी. जमिनीचा मालक आणि कायद्याचा कर्ता एकच झाला, तर कसणाऱ्याने आणि झोपडीत राहणाऱ्याने दाद कुणाकडे मागायची?

म्हणून आमची मागणी साधी आहे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. तशी नोंदवही महाराष्ट्र विधिमंडळाने ठेवावी आणि ती जनतेला खुली करावी. जमीन, चटईक्षेत्र आणि झोपडपट्टी पुनर्वसनाचा विषय निघाला की त्या धंद्यातल्या आमदाराने आपले हित आधी जाहीर करावे व मतदानापासून दूर राहावे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपापल्या आमदाराला हा प्रश्न विचारायला लावणे, हे आपले काम आहे. केवळ भाषणे ऐकून टाळ्या वाजवल्याने वस्तीला पट्टा मिळत नाही.