नवी रॅम टाकली आणि लॅपटॉप रुसला!

बालमित्रांनो, घरातला जुना लॅपटॉप गोगलगायीसारखा चालायला लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रॅम वाढवून घेऊ या." मग बाबा किंवा ताई रॅमची नवी पट्टी आणतात, लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून ती बसवतात, बटण दाबतात आणि पडदा काळा तो काळाच! दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पुढे काही नाही. लगेच घरभर चर्चा सुरू. कुणी म्हणतं मदरबोर्ड गेला, कुणी म्हणतं सगळे फोटो गेले. आणि उद्या शाळेत द्यायचा प्रकल्प तर आतच अडकलेला!

थांबा, घाबरू नका. अशा वेळी बरेचदा लॅपटॉप बिघडलेला नसतोच. दोष कुठे आहे हे फक्त शोधायचं असतं. आणि ते शोधायची रीत तुमच्या विज्ञानाच्या तासालाच तुम्ही शिकलेले आहात. कशी, ते पाहू.

कपाट आणि टेबल

लॅपटॉपमध्ये माहिती ठेवायच्या दोन जागा असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे आपलं कपाट. फोटो, प्रकल्प, गाणी सगळं तिथे. रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल. आत्ता जे काम चाललंय तेवढंच टेबलावर मांडायचं. टेबल मोठं, तर काम सोपं. पण वीज बंद झाली की टेबल साफ!

असं का होतं? आज वापरली जाते त्या प्रकारची रॅम अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीतले संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ साली शोधून काढली. १९६८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. या रॅममध्ये विजेचा इवलासा साठा करणाऱ्या घागरी असतात असं समजा. घागर भरलेली म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. गंमत अशी, की या घागरी गळक्या असतात! म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा, त्या पुन्हा भराव्या लागतात. ८ जीबीच्या एका पट्टीत अशा सुमारे ६,८७१ कोटी घागरी असतात, बरं का!

बटण दाबलं की लॅपटॉप सुरुवातीलाच ही रॅम तपासून बघतो. ती नीट सापडली नाही तर तो पुढे पाऊलच टाकत नाही. म्हणून पडदा काळा राहतो. कपाट उघडायची वेळच अजून आलेली नसते. तेव्हा फोटो गेले असं समजू नका. आणि रॅम बदलल्यावर पडदा काळा झाला म्हणून कुणी लगेच "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणालं, तर "का बरं?" असं जरूर विचारा.

आधी हे करा

पहिली गोष्ट, थोडी वाट बघा. नवी रॅम टाकल्यावर काही लॅपटॉप, विशेषतः डीडीआर५ रॅमचे, पहिल्या वेळी तिच्याशी ओळख करून घ्यायला काही मिनिटं घेतात. दुसरी गोष्ट, कान आणि डोळे उघडे ठेवा. काही लॅपटॉप ठरावीक वेळा 'बीप' वाजवून किंवा दिवा लुकलुकवून आपली तक्रार सांगतात. किती वेळा ते मोजून वहीत लिहा. त्याचा अर्थ त्या लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात मिळतो.

तरीही सुरू झाला नाही, तर झाकण उघडायचं. पण मोठ्या माणसाला सोबत घेऊनच! लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी करा. मग सुरू करायचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिला हात लावू नका, थेट दुकान गाठा.

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग आठवतो ना? तशीच वीज आपल्या अंगावरही साठते आणि रॅमला इजा करू शकते. म्हणून आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा आणि पट्टी कडेला धरा. सोनेरी टोकांना बोट लावू नका.

आता पट्टी काढून पुन्हा बसवा. ती तिरकी धरून खाचेत पूर्ण आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'कट्' करून बसल्या पाहिजेत. अर्धवट बसलेली पट्टी हे यातलं सगळ्यात साधं कारण!

एका वेळी एकच बदल

आमटी बिघडली म्हणून आईने मीठही बदललं, मसालाही बदलला आणि चिंचही बदलली, तर दोष कशाचा होता ते कळेल का? नाही ना! इथेही तसंच. दोन जागा आणि दोन पट्ट्या असतील तर असं करा. प्रत्येक वेळी आधी वीज आणि बॅटरी तोडायची, हे विसरू नका.

१. फक्त जुनी पट्टी, तिच्या जुन्याच जागी. सुरू झाला? शाबास! लॅपटॉप ठणठणीत आहे.

२. त्याच जागी फक्त नवी पट्टी. सुरू झाला नाही, तर ती खराब आहे किंवा या लॅपटॉपला चालणारी नाही.

३. जुनी पट्टी दुसऱ्या जागी. सुरू झाला नाही, तर त्या जागेत धूळ किंवा दोष असू शकतो. काही लॅपटॉपमध्ये पहिली जागा भरलेलीच लागते, तेही माहितीपुस्तकात बघा.

४. तिन्ही वेळा सुरू झाला, पण दोन्ही पट्ट्या एकत्र चालत नाहीत? मग त्यांचं एकमेकींशी जमत नाही, किंवा दोन्ही मिळून लॅपटॉपला पेलणाऱ्या मर्यादेबाहेर जातात.

काही लॅपटॉपमध्ये एक रॅम आत कायमची जोडलेली असते. तिथे फक्त नवी काढून बघायची.

एका अक्षराची करामत

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या ठिकाणी असते. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही, म्हणून जोर लावू नका. पण डीडीआर३ आणि डीडीआर३एल या जुळ्या बहिणी! खाच तीच, टोकंही तेवढीच, २०४. फरक विजेच्या दाबाचा. साध्या डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, 'एल'वालीला १.३५ पुरतात. काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टच देतात. त्यांत साधी पट्टी झक्क बसते, पण लॅपटॉप सुरू होत नाही. लेबलवर पीसी३ लिहिलंय की पीसी३एल, एवढं वाचलं तर दुकानात ती बदलून मागता येते. नाहीतर चांगल्या मदरबोर्डच्या दुरुस्तीवर हजारो रुपये जायचे!

पालकांसाठी दोन शब्द

स्क्रू-ड्रायव्हर तुमच्या हातात असू द्या, पण वही मुलांच्या हातात द्या. काय केलं आणि काय झालं, हे त्यांनी ओळीने लिहावं. जुनी पट्टी जुन्या जागी लावूनही लॅपटॉप सुरू झाला नाही, तर पुढचं काम जाणकाराचं. तेव्हा हीच वही दुकानात घेऊन जा. दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.

आणि मुलांनो, रॅम आणायला अजून कुणी गेलं नसेल, तर आजच एक काम करा. लॅपटॉप उलटा करून त्याचा मॉडेल क्रमांक वहीत टिपून घ्या. त्याला कोणती रॅम चालते आणि जास्तीत जास्त किती, हे कंपनीच्या माहितीपुस्तकात शोधा आणि तो कागद खरेदीला जाणाऱ्याच्या खिशात घाला!