घड्याळाचा पट्टा, पोलादी

मनगटी घड्याळ हातावर धरून ठेवण्यासाठी अगंज पोलादाच्या म्हणजेच स्टेनलेस स्टीलच्या कड्या पिनांनी एकमेकींस जोडून तयार केलेला लवचिक पट्टा. बोलभाषेत यास ‘चेन’ म्हणतात. उष्ण व दमट प्रदेशात चामडी पट्टा घामाने कडक होतो, त्यास बुरशी लागते व शिवण उसवते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर (जि. रायगड) या तालुक्यांत पावसाळ्यात सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. भातलावणीसाठी चिखलात उतरणारा शेतकरी, खोपोलीच्या कारखान्यांतील कामगार व रोज लोकल गाडीने मुंबईस जाणारा नोकरदार या सर्वांना अशा हवेत धुऊन, पुसून पुन्हा वापरता येणारा पट्टा सोयीचा ठरतो.

इतिहास : पहिल्या महायुद्धानंतर खिशातील घड्याळाची जागा मनगटी घड्याळाने घेतली. जर्मनीत क्रुप कंपनीने १९१२ मध्ये क्रोमियम व निकेलयुक्त अगंज पोलादाचे एकस्व घेतले आणि १९३० नंतर घड्याळांची कवचे व पट्टे यांसाठी या पोलादाचा वापर वाढला. जिनीव्हा येथील गे फ्रेर (स्थापना १८३५) ही मूळची साखळ्या बनविणारी संस्था या क्षेत्रात अग्रगण्य ठरली. रोलेक्स, पातेक फिलिप, झेनिथ इत्यादींना ती पट्टे पुरवीत असे. १९९८ मध्ये ती रोलेक्सने विकत घेतली. ब्रिटनमधील ‘बॉनक्लिप’ हा शिडीसारखा, कोणत्याही मनगटास बेताचा करता येणारा पट्टा ब्रिटिश हवाई दलाच्या घड्याळांबरोबरही दिला जाई. भारतात फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीने १८६५ पासून मुंबईतून घड्याळांचा व्यापार केला. पुढे १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सने (एचएमटी) बंगलोर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले.

प्रकार : रोलेक्सच्या तीन कड्यांच्या रुंद पट्ट्यास ‘ऑयस्टर’ व पाच ओळींच्या पट्ट्यास ‘ज्युबिली’ (१९४५) म्हणतात. मधल्या ओळींत लहान, लांबट गोल मणी असलेल्या पट्ट्यास संग्राहक ‘तांदळाच्या दाण्यांचा पट्टा’ म्हणतात. भाताच्या प्रदेशातील वाचकास हे नाव सहज पटेल. कड्यांच्या आत स्प्रिंगा असलेला, ताणून मनगटावर चढविता येणारा पट्टा वेगळा. अमेरिकेतील स्पायडेल कंपनीचा ‘ट्विस्ट-ओ-फ्लेक्स’ (१९५९) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

सुखकारकता : जुन्या पट्ट्यांच्या कड्या बहुधा पत्रा दुमडून केलेल्या व आतून पोकळ असत, त्यामुळे पट्टा हलका राही आणि मनगटाच्या वळणाबरोबर वळे. कवचाजवळ २० मिमी. असलेली रुंदी खटक्याजवळ १६ मिमी.पर्यंत निमुळती केल्याने हात टेबलावर टेकताना अडथळा कमी होतो. उन्हात मनगट थोडे फुगते; अशा वेळी खटक्याच्या बाजूस असलेल्या छिद्रांत स्प्रिंगदांडी सरकवून पट्टा किंचित सैल करता येतो. दोष असे : सैल कड्यांत केस अडकतात, पातळ पत्र्याच्या कडा टोचतात आणि काहींना निकेलमुळे त्वचेवर पुरळ येते. पट्टा विजेचा वाहक असल्याने विजेचे काम करताना तो काढून ठेवणे आवश्यक असते.

झीज व निगा : जुना पट्टा ‘ताणला गेला’ असे म्हणतात, परंतु प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही. धूळ व घाम यांचा लगदा सांध्यांत साचून कानसेसारखे काम करतो. त्यामुळे पिना बारीक होतात, त्यांची छिद्रे मोठी होतात आणि पट्टा आडवा धरल्यास कमानीसारखा लोंबतो. खाचांत साचलेल्या क्षारांमुळे अगंज पोलादासही गंज चढू शकतो. मऊ ब्रश, सौम्य साबण व कोमट पाणी यांनी पट्टा धुऊन पूर्ण कोरडा करणे हा साधा व पुरेसा उपाय होय. धुण्यापूर्वी पट्टा घड्याळापासून वेगळा करावा. जुन्या घड्याळाची जलरोधकता गृहीत धरू नये.

संग्राहक-मूल्य : मोडलेला पट्टा टाकून देऊन बाजारातील दुसरा बसविण्याची रीत सर्वत्र असल्याने मूळ पट्टा घड्याळापेक्षाही दुर्मिळ होतो. मूल्य ठरविताना खटक्यावरील निर्मात्याचे चिन्ह, कवचास जोडणाऱ्या शेवटच्या कडीवरील क्रमांक, कड्यांची संख्या व झीज पाहतात. गे फ्रेरच्या अनेक पट्ट्यांवर तिमाही व वर्ष यांचे अंक कोरलेले असतात. ते घड्याळाच्या काळाशी जुळल्यास दोहोंचा संबंध संभवनीय ठरतो, परंतु सिद्ध होत नाही, कारण दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्या वर्षाचा अस्सल पट्टाही बसविला जात असे. एचएमटीच्या घड्याळ कंपनीचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०१६ मध्ये घेतल्यावर त्या घड्याळांबद्दलही संग्राहकांचे कुतूहल वाढले. त्यांच्या बाबतीतही पट्टा मूळचा आहे काय, हा प्रश्न विचारावा लागतो.

जोरकस पॉलिश केल्याने कड्यांच्या धारा बोथट होतात, चिन्हे पुसट होतात आणि मूल्य घटते. निघून गेलेली धातू परत येत नाही. उलट झिजलेल्या छिद्रांत बारीक नळ्या बसवून केलेली दुरुस्ती पट्ट्याचे आयुष्य वाढविते. मात्र विक्रीच्या वेळी ती सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य होय. वापरण्यास सुखकर झालेला पट्टा हा बहुधा झिजलेला असतो आणि न झिजलेला पट्टा बहुधा वापरलेला नसतो. त्यामुळे सुख व मूल्य यांपैकी कशासाठी पट्टा घ्यावयाचा, हे खरेदीपूर्वीच ठरविणे हिताचे असते.