घरच्या मुक्या सोबत्यांचे आरोग्य आणि आपली शाळा



चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील कोणत्याही पाड्यावर आपण गेलात, तर उंबऱ्याशी कुत्रा, मांडवाखाली शेळी आणि अंगणात कोंबड्या हे दृश्य हटकून दिसते. शहरात ज्यास पाळीव प्राणी म्हणतात तो बहुधा हौसेचा असतो. आपल्याकडे तो घरातील कामकरी असतो. मोहफुले वेचावयास वा तेंदूपाने तोडावयास निघालेल्या माणसांपुढे कुत्रा चालतो. बिबट्याची चाहूल प्रथम त्यासच लागते. कोंबडी ही घरच्या बाईची शिल्लक आणि शेळी ही अडल्या वेळची रोकड. असे असूनही या सोबत्यांची प्रकृती आपण पाहतो ती ते आजारी पडल्यावर, आणि पुष्कळदा ते मेल्यावर. आजार येण्यापूर्वीच त्यास दाराबाहेर थोपविण्याची जी साधी व्यवस्था आहे, ती शिक्षकाने समजून घेणे का अगत्याचे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. सुमारे २५ वर्षांपूर्वी मी धानाच्या पट्ट्यातील एका लहान गावी शिक्षक होतो. शाळेच्या ओसरीवर एक चार-पाच महिन्यांचे पिल्लू येत असे. मुले त्यास आपल्या शिदोरीतील तुकडा घालीत, मीही घाली. त्यास लस टोचून घ्यावी, हा विचार माझ्या मनात आला नाही; आला असता तरी ते काम माझे नव्हे असे मी म्हटले असते. रोवणीच्या दिवसांत ते पिल्लू एकाएकी गप्प झाले, कोपऱ्यात बसू लागले, जबडा लोंबू लागला. मुलांना वाटले, घशात काही अडकले. एकाने तोंडात बोटे घातली, दोघांना दात लागले, आणखी चौघांचे ओरखडलेले हात त्याने चाटले. चौथ्या दिवशी पिल्लू मेले. त्या काळी श्वानदंशावर मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस पोटात टोचीत आणि रोज एक याप्रमाणे १४ दिवस टोचीत. सात मुले, त्यांच्याबरोबर सात आया वा बाप, आणि बांधीत सुकत चाललेले पऱ्हे! मुले वाचली. परंतु त्या वर्षी दोन घरांची रोवणी अर्धी राहिली, आणि त्या घरांतील माणसे पुढे कित्येक दिवस माझ्याशी जेमतेम बोलत. त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

या रोगास आपण पिसाळणे म्हणतो. वैद्यकात त्याचे नाव रेबीज. त्याचा विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून वा जखमेवर चाटल्याने तो शरीरात शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. तेवढ्या अवधीत लस टोचली तर रोग टळतो. एकदा लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ निश्चित समजावा. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात असा अंदाज आहे आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात असे मानले जाते. माणसास हा रोग होतो तो शंभरांत नव्याण्णव वेळा कुत्र्यापासून. आणि ज्यांना कुत्रा चावतो त्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. म्हणजे आपल्या हजेरीपटावरील मुले.

या रोगाविषयी खेड्यांत काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो, ही त्यांतील एक. पाण्याची ती भीती रोग झालेल्या माणसास वाटते. कुत्रा शेवटपर्यंत पाणी पिण्याची धडपड करताना दिसू शकतो. दुसरी समजूत अशी, की पिसाळलेला कुत्रा धावून अंगावर येतोच. काही येतात, काही मात्र आमच्या पिल्लाप्रमाणे मुके होतात, आणि तेच अधिक फसवितात. गायीस वा म्हशीस हा रोग झाला तर तिला गिळता येत नाही व लाळ गळते. घरच्या माणसास वाटते, काही अडकले. तो कोपरापर्यंत हात घालून पाहतो. जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, हे वाक्य तेवढ्यासाठी मुलांकडून पाठ करून घेण्याजोगे आहे.

चावा लागल्यास काय करावे, हे प्रत्येक शाळेत ठाऊक असले पाहिजे. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरी १५ मिनिटे धुवावी. शाळेच्या घड्याळावर मोजून धुवावी, कारण १५ मिनिटे आपणांस वाटतात त्याहून फार लांब असतात. चुना, मिरची, हळद, तेल यांपैकी काहीही भरू नये. गावातील जाणत्याकडे झाडपाल्यासाठी जावयाचे असल्यास लोक जातील. त्यांच्याशी वाद न घालता, आधी दवाखाना आणि मग इतर, एवढा क्रम ठरवून घ्यावा. सरकारी दवाखान्यात ही लस विनामूल्य मिळते आणि ती त्याच दिवशी सुरू करावी. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत निराळे औषध भरावे लागते, हे डॉक्टर सांगतीलच. कुत्रा १० दिवस दृष्टीखाली ठेवावा. मात्र तो मरतो की जगतो याची वाट पाहत उपचार थांबवू नये. पोटातील १४ सुयांचे भय आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ नंतर बंद झाली. आता चार-पाच वेळा आणि तीही दंडात टोचतात, हे पालकांस आवर्जून सांगावे. पुष्कळ मुले मार बसेल या भीतीने चावा लपवितात. तेव्हा सोमवारी हजेरी घेताना 'कोणास कुत्रा-मांजर लागले का?' असे सहज विचारण्याची सवय ठेवावी.

परंतु हे झाले चावल्यानंतरचे. चावण्यापूर्वीचे काम याहून स्वस्त आणि सोपे आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, सुमारे महिन्याने दुसरी, आणि पुढे दरवर्षी एक. गावातील १०० कुत्र्यांपैकी ७० टोचलेली असतील तर रोगाची साखळी तुटते, असा जगभराचा अनुभव आहे. उरलेल्या तिसांचेही रक्षण त्या सत्तरांमुळे होते. शेकडेवारी शिकविताना याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. लुई पाश्चर याने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम दिली. पाश्चरचा मृत्युदिन २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा हा रोग हटविण्याची राष्ट्रीय योजनाही २०२१ साली त्याच दिवशी जाहीर झाली. माइस्टरची गोष्ट मुलांना सांगावी. तो त्यांच्याच वयाचा होता.

कुत्र्यांच्या पोटातील जंतांकडे तर कोणाचेच लक्ष नसते. पिल्लांच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी अंगणातील मातीत मिसळतात व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. दुसरा प्रकार अधिक वाईट आहे. सणासुदीस शेळी वा बोकड कापल्यावर त्याचे यकृत-फुप्फुस कच्चे कुत्र्यापुढे फेकण्याची रीत आहे. त्यात पाण्याने भरलेल्या गाठी असल्या तर त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात, आणि त्या शस्त्रक्रियेवाचून सहसा निघत नाहीत. उपाय एवढाच, की कच्चे अवयव कुत्र्यास घालू नयेत, पुरावेत. पिल्लास वारंवार आणि मोठ्या कुत्र्यास दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. आणि कुत्र्याशी खेळल्यावर मुलांनी हात धुवावेत.

आपल्या जिल्ह्यांपुरती आणखी एक गोष्ट आहे. ताडोबा हे १९५५ पासूनचे राष्ट्रीय उद्यान. त्याच्या भोवतीच्या गावांतील कुत्रा सकाळी जंगलात असतो आणि रात्री अंगणात. बिबट्या त्यास उचलतो. वाघाने मारलेल्या जनावराच्या मढ्यावर तोही तोंड घालतो. कुत्र्यांमध्ये डिस्टेंपर नावाचा एक विषाणुजन्य रोग आहे. नाकाडोळ्यांतून स्राव, ताप, हगवण आणि शेवटी झटके अशी त्याची लक्षणे. त्यावर खात्रीचे औषध नाही, लस मात्र आहे. हा रोग कुत्र्यापुरता थांबत नाही. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या जंगलात त्याने सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश मेले. २०१८ साली गुजरातेतील गीरच्या जंगलात जे सिंह मेले, त्यांच्यातही हाच विषाणू आढळला. ताडोबात वाघ आहेत आणि कुत्र्याच्याच कुळातील रानकुत्रेही आहेत. तेव्हा वेशीवरच्या एका पाळलेल्या कुत्र्यास टोचलेली सुई वाघाच्याही उपयोगी पडते, असे मुलांना सांगितल्यास त्यांचे डोळे मोठे होतात. मी पाहिले आहेत.

आता कोंबड्यांकडे वळू. मानमोडीने एका आठवड्यात खुराडे रिकामे झालेले आपण सर्वांनी पाहिले असेल. या रोगाचे दुसरे नाव राणीखेत. कुमाऊँतील त्या गावी १९२७ साली तो आपल्या देशात ओळखला गेला. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, पंख गळणे ही त्याची चिन्हे. एकदा आला की औषध नाही. लस मात्र फार स्वस्त आहे. पिल्लू आठवड्याचे असताना डोळ्यात वा नाकात एक थेंब आणि सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पंखाखाली एक सुई. मग घरोघर ती का दिली जात नाही? अडचण अशी, की एका कुपीत १०० वा अधिक पक्ष्यांपुरती लस असते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरी आठ कोंबड्या, त्या घराने एकट्याने कुपी फोडणे परवडत नाही. म्हणून हे काम एका घराचे नसून पाड्याचे आहे. पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी, सगळ्या पाड्याने एकाच दिवशी करावयाचे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा लस बर्फात घालून आणली आहे की खिशात, हे पाहावे. उष्णतेने वाया गेलेली लस टोचल्यास कोंबडी मरते आणि लोक लसीस दोष देतात. आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी झाकून ठेवावी, हीही साधी गोष्ट. बाजारातूनच मानमोडी गावात शिरते. झुंजीच्या कोंबड्यांमुळेही शिरते. पण झुंजी कायद्याने बंद असूनही आपल्या भागात चालतात, यावर येथे अधिक लिहीत नाही.

गुरे-शेळ्यांविषयी आपणांस पुष्कळ ठाऊक आहे. गुरांस घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी, लाळ्या खुरकुताची सहा महिन्यांनी. शेळ्यांस पीपीआर व आंत्रविषार यांची. पिवळ्या बिल्ल्यावरील बारा अंकी क्रमांक पोरांकडून वाचून घेतल्यास अब्जांपर्यंतचे संख्यावाचन आपोआप होते. लसीवर विश्वास नसलेल्या वृद्धास बुळकांडीची आठवण द्यावी. गोठेच्या गोठे बसविणारा तो रोग. तिच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९५४ साली सुरू झाली, २००६ साली भारत तिच्यातून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. तो रोग आजच्या पोरांनी पाहिलाच नाही. आणि न पाहिलेल्या गोष्टीचे महत्त्व पटविणे कठीण असते, हा अनुभव शिक्षकास नवा नाही.

शिक्षकाने सुई हाती धरावी असे मी म्हणत नाही. ते काम पशुवैद्यकीय दवाखान्याचे आहे. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पथकही मिळू शकते, अर्थात जेथे दूरध्वनी लागतो तेथे. शाळेचे काम एका वहीचे आहे. चौथी-पाचवीच्या मुलांनी आपापल्या घरची कुत्री, मांजरे, शेळ्या, कोंबड्या मोजून आणाव्यात. कोणास केव्हा लस दिली ते विचारून लिहावे. ज्या वर्गात गोंडी वा माडिया बोलणारी मुले आहेत तेथे वहीत कुत्र्यापुढे 'नय' आणि कोंबडीपुढे 'कोर' असेही लिहू द्यावे. मुले मोजणीस मनापासून लागतात आणि घरी आई-बापांस प्रश्न त्यांच्याच भाषेत विचारतात. तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी बैल सजवून आणतातच; त्याच दिवशी घरच्या कुत्र्याच्या लशीची तारीख वहीतून वाचून दाखवावी.

एक काळजी घ्यावी. मोजणीच्या ओघात भटक्या कुत्र्यास पकडण्याचा वा त्यास मारण्याचा उद्योग मुलांकडून होऊ देऊ नये. टोचलेली कुत्री मारली की त्यांच्या जागी बाहेरची न टोचलेली येतात, आणि केलेले काम वाया जाते.

वही एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरी करून तिची एक प्रत दवाखान्यात व एक ग्रामपंचायतीत पोचवावी. मे महिन्यात शाळेस सुट्टी असते, माणसे तेंदूच्या हंगामात गुंतलेली असतात, आणि पावसाळ्यापूर्वीच्या लशी याच सुमारास द्यावयाच्या असतात. यादी हाती असेल तर पथकास पाड्यावर किती मात्रा न्यावयाच्या ते आधी कळते. पुढे पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडत आला आहे. त्यानंतर लस मागवूनही ती अलीकडच्या काठावरच राहते.